सीसीआयई लॅब परीक्षा : तयारी कशी करायची, नापास झाल्यावर पुन्हा कधी बसायचं? फी, नियम, सराव यांची सविस्तर माहिती

भिवंडी : मुंबई-नाशिक महामार्गाला मानकोलीपासून पडघ्यापर्यंत आणि इकडे काल्हेर, पूर्णा, दापोडे पट्ट्यात गोदामे उभी राहिली, तशी तालुक्यातल्या पोरांची कामेही बदलली. गोदामात आता फक्त गाडी भरणे-उतरवणे एवढेच काम राहिलेले नाही. मालाचे स्कॅनर, वायफाय, सीसीटीव्ही, गेटवरचा कॉम्प्युटर, बिलाचा प्रिंटर हे सगळे एका नेटवर्कवर चालते. नेटवर्क बंद पडले की कंटेनर गेटवरच उभा राहतो.

हे नेटवर्क उभे करणारी आणि सांभाळणारी पोरे भिवंडी, शहापूर, मुरबाड, वाडा या भागांतूनही येतात. सुरुवात केबल ओढणे, कनेक्टर क्रिम्प करणे, कॅमेरे बसवणे इथून होते. मग कुणीतरी सांगतो, 'सीसीआयई कर, लाखात पगार आहे.' घरचे सोने मोडायची, नाहीतर कर्ज काढायची तयारी होते. पण ही परीक्षा नेमकी कशी असते, किती पैसे लागतात आणि नापास झालो तर पुढे काय, हे सरळ भाषेत कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

■ सीसीआयई म्हणजे काय?

सिस्को ही राउटर आणि स्विच बनवणारी अमेरिकन कंपनी. तिची सर्वात वरच्या दर्जाची परीक्षा म्हणजे सीसीआयई. ही १९९३ मध्ये सुरू झाली. पास होणाऱ्याला एक नंबर मिळतो आणि तो पुढे त्याचाच राहतो. १०२४ हा नंबर परीक्षेच्या लॅबलाच दिला होता. १०२५ नंबर परीक्षा तयार करणारे कंपनीचे स्टुअर्ट बिग्ज यांना मिळाला आणि कंपनीबाहेरून पहिले पास झालेले टेरी स्लॅटरी यांना १०२६. सुरुवातीला ही परीक्षा दोन दिवस चालायची. २००१ पासून ती एका दिवसाची झाली.

सिस्कोच्या परीक्षांच्या पायऱ्या अशा :

• सीसीएनए : पहिली पायरी. दोन तासांचा एक पेपर.
• सीसीएनपी : मधली पायरी. एक मुख्य पेपर आणि एक विशेष विषयाचा पेपर.
• सीसीआयई : वरची पायरी. एक मुख्य लेखी पेपर आणि आठ तासांची प्रात्यक्षिक लॅब.

२४ फेब्रुवारी २०२० पासून नियम बदलले. सीसीएनए न करता थेट सीसीआयईला मात्र आधीही बसता येत होते, आताही येते. डिग्रीची अट नाही, बारावी झालेलाही बसू शकतो. पण अट नाही म्हणजे गरज नाही असे नव्हे. पाच ते सात वर्षे कामाचा अनुभव असावा, असे सिस्को स्वतःच सुचवते.

■ आठ तासांत काय करायचे असते?

सर्वात जास्त मुले बसतात तो विषय एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे कंपन्यांच्या आतले आणि शाखांमधले नेटवर्क. त्याच्या लॅबचे दोन भाग असतात.

पहिला भाग, डिझाइन (३ तास) : इथे उपकरणाला हात लावायचा नसतो. एका कंपनीची माहिती, नकाशे, ई-मेल वाचायला देतात. त्यावरून नेटवर्क कसे असावे, कुठली पद्धत योग्य, कुठे चूक आहे, हे ठरवायचे. एकदा उत्तर देऊन पुढे गेले की मागे येता येत नाही.

दुसरा भाग, प्रत्यक्ष काम (५ तास) : कॉम्प्युटरवर आख्खे नेटवर्क चालू असते. त्यात राउटर, स्विच जोडायचे, मुद्दाम केलेले बिघाड शोधायचे, सुरक्षा लावायची, काही कामे प्रोग्रॅम लिहून करायची. या भागात प्रश्न मागे-पुढे करता येतात.

दोन्ही भागांत किमान गुण मिळायलाच हवेत आणि एकूण गुणही पासच्या रेषेवर जायला हवेत. एका भागात भरपूर मिळाले म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही.

विषयांचे वजन असे आहे :

• नेटवर्कचा पाया (स्विचिंग, राउटिंग) : ३० टक्के
• सॉफ्टवेअरवर चालणारे नेटवर्क (एसडी-ॲक्सेस, एसडी-वॅन) : २५ टक्के
• शाखा जोडण्याच्या पद्धती (एमपीएलएस, डीएमव्हीपीएन) : १५ टक्के
• सुरक्षा आणि सेवा : १५ टक्के
• ऑटोमेशन (पायथन वगैरे) : १५ टक्के

यादी वेळोवेळी बदलते. अभ्यासाला बसण्याआधी सिस्कोच्या साइटवरून ताजी यादी उतरवून घ्यावी.

■ शब्द अवघड, पण गोष्ट आपल्या ओळखीची

व्हीलॅन : एकाच मोठ्या शेडमध्ये वेगवेगळे गाळे असतात. छप्पर एक, पण एका गाळ्याचा माणूस दुसऱ्या गाळ्यात घुसू शकत नाही. तसेच एका स्विचवर कॅमेऱ्यांचा, बिलिंगचा आणि पाहुण्यांच्या वायफायचा गाळा वेगळा करतात.

ओएसपीएफ : अंजूरफाट्याहून ठाण्याला जायचे तर कशेळीवरून जाता येते, किंवा मानकोली नाक्यावरून महामार्गाने खारेगावमार्गे. कशेळीला रस्ता अडला की जाणकार ड्रायव्हर मानकोलीकडे वळतो. राउटरही एकमेकांना रस्त्याची खबर देत राहतात आणि स्वस्त पडणारा रस्ता निवडतात.

बीजीपी : आपल्या हद्दीतला रस्ता आपण ठरवतो, पण दुसऱ्याच्या हद्दीतून जायचे तर आपसातला करार लागतो. दोन वेगळ्या कंपन्यांची नेटवर्क जोडताना हीच गोष्ट बीजीपीने होते.

एवढे कळले की सीसीएनएची भीती जाते. सीसीआयईमध्ये मात्र हे सगळे एकाच वेळी, एकमेकांत गुंतलेले आणि घड्याळ लावून करायचे असते.

■ हुशार मुलेही नापास का होतात?

पहिल्या प्रयत्नात नापास होणे या परीक्षेत नवीन नाही. वर्षानुवर्षे हेच काम करणारेही दोन-तीन वेळा बसतात. कारणे बहुतेक ठरलेली आहेत :

१. वाचन कमी पडते. 'स्टॅटिक रूट वापरायचा नाही' अशी अट प्रश्नात असते. घाईत तीच वापरली जाते. नेटवर्क चालते, पण गुण मिळत नाहीत.

२. अर्ध्या कामाचे गुण नाहीत. प्रश्नात सांगितलेले सगळे जमले पाहिजे. शेवटची एक ओळ राहिली तर त्या प्रश्नाचे सगळे गुण जातात.

३. एका बिघाडात तासभर जातो. गोदामात काम करताना बिघाड सापडेपर्यंत उठायचे नाही ही सवय चांगली. परीक्षेत तीच सवय बुडवते.

४. एक दुरुस्त करताना दुसरे बिघडते. दुपारी लावलेल्या सुरक्षेच्या नियमामुळे आधी चालू असलेली जोडणी बंद पडते आणि ते तपासलेच जात नाही.

५. काम सेव्ह करायचे राहते.

यातली निम्मी कारणे ज्ञानाची नाहीत, हाताच्या सवयीची आहेत. पुस्तक पुन्हा वाचून ती सुटत नाहीत.

■ खर्चाचा हिशोब आधी मांडा

सिस्कोची फी डॉलरमध्ये असते. मुख्य लेखी पेपरची फी ४०० डॉलर आणि लॅबची १,६०० डॉलर अशी राहिली आहे. भरण्याआधी साइटवर चालू दर बघावा. एक डॉलर ८५ रुपये धरला तर :

• सीसीएनए (३०० डॉलर) : २५,५०० रुपये
• सीसीआयई लेखी : ३४,००० रुपये
• लॅबचा एक प्रयत्न : १,३६,००० रुपये
• लेखी आणि एक लॅब : १,७०,००० रुपये
• लॅबचा दुसरा प्रयत्न धरून : ३,०६,००० रुपये
• तिसरा धरून : ४,४२,००० रुपये

यात कर, प्रवास, राहणे, क्लास आणि बुडालेली रोजंदारी धरलेली नाही. डॉलर वाढला की आकडा वाढतो.

म्हणून ज्याच्या घरी हे पैसे एकदाच उभे राहू शकतात, त्याने पहिल्या प्रयत्नाचे बजेट करताना दुसऱ्याचेही करावे. दुसऱ्याची सोय नसेल तर पहिली तारीख पुढे ढकलावी. घरात आधीच सांगून ठेवावे की नापास होण्याची शक्यता धरूनच हा खर्च आहे. हे न सांगता बसलेला मुलगा नापास झाल्यावर सावकाराकडे जातो आणि तयारी नसताना पुन्हा बसतो.

सिस्कोच्या भागीदार कंपन्यांना आपला दर्जा टिकवायला असे इंजिनीअर लागत आले आहेत. त्यामुळे काही कंपन्या फी स्वतः भरतात, बदल्यात ठराविक वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉण्ड घेतात. बॉण्ड वाचूनच सही करावी. नापास झाल्यास फी पगारातून कापणार का, हे लेखी विचारून घ्यावे.

■ सराव कशावर करायचा?

खरे राउटर विकत घ्यायची गरज नाही.

• पॅकेट ट्रेसर : सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की मोफत मिळतो. सीसीएनएसाठी पुरतो. साध्या लॅपटॉपवर चालतो.
• जीएनएस३ आणि ईव्ही-एनजीची कम्युनिटी आवृत्ती : मोफत. पण राउटरचे सॉफ्टवेअर वेगळे लागते आणि ते परवान्यानेच घ्यावे.
• सिस्को मॉडेलिंग लॅब्ज : पाच उपकरणांपर्यंतची मोफत आवृत्ती आहे. मोठ्या सरावासाठी वर्षाची वर्गणी भरावी लागते.

सीसीआयईच्या सरावाला भरपूर रॅम असलेला कॉम्प्युटर लागतो. तो परवडत नसेल तर भाड्याने ऑनलाइन लॅब मिळतात. वीज जाते त्या गावात इन्व्हर्टरची सोय आधी बघावी. तीन तासांचा सराव वीज गेल्यामुळे पुसला गेला तर माणूस खचतो.

सरावाची पद्धत :

पहिले सहा महिने : एकेक विषय वेगळा. रोज दोन तास. प्रत्येक कमांड हाताने टाइप करायची, कॉपी-पेस्ट नाही.

पुढचे चार-सहा महिने : दोन-तीन विषय एकत्र. मित्राला सांगून त्यात मुद्दाम बिघाड करून घ्यायचा आणि शोधायचा. गोदामात रोज येणाऱ्या बिघाडांची वहीही ठेवावी. ती पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

शेवटचे दोन-तीन महिने : दर रविवारी आठ तासांची पूर्ण लॅब. सकाळी आठला बसायचे, मोबाइल बंद. मधल्या दिवसांत फक्त चुकलेले भाग.

पूर्ण सरावात सलग चार-पाच वेळा तासभर हातात ठेवून काम संपत असेल, तर तारीख घ्यायला हरकत नाही. त्याआधी नको.

■ बेंगळुरूची वारी

भारतात सीसीआयईचे कायमचे लॅब केंद्र बेंगळुरूला आहे. कल्याणला थांबणारी उद्यान एक्स्प्रेस सुमारे एका दिवसात बेंगळुरूला पोचवते. परीक्षेच्या सकाळी उतरायचे असे नियोजन करू नये. दोन दिवस आधी पोचावे आणि एक दिवस आधी केंद्र बघून यावे. शहरातली ट्रॅफिक भिवंडीपेक्षा कमी नाही.

तारीख घेताना शेतीचे दिवसही बघावेत. जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी. घरची माणसे शेतात आणि आपण लॅपटॉपवर, असे मन लागत नाही. शिवाय भर पावसात बोरघाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात.

ओळखपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे असे सर्रास असते. कुठले ओळखपत्र चालते ते आलेल्या मेलमध्ये बघावे आणि दुरुस्ती काही महिने आधी करावी. मोबाइल आत नेता येत नाही. सिस्कोचे कमांडचे माहितीपुस्तक परीक्षेत कॉम्प्युटरवर बघायला मिळते, पण ते शोधायला वेळ जातो. म्हणून त्यात कुठे काय आहे याचाही सराव हवा.

■ नापास झाल्यावर पहिले काय करायचे?

निकाल बहुधा ४८ तासांत ऑनलाइन येतो. नापास झालेल्याला विषयवार टक्केवारीही मिळते. त्या दिवशी नवी तारीख घेऊ नये. आधी ही कामे करावीत :

१. त्याच रात्री वहीत लिहा : वेळ कुठे गेला, हात कुठे थांबला, कुठला विषय अंधारात होता. प्रश्न लिहून काढायचे नाहीत, कुणाला सांगायचेही नाहीत. गुप्ततेचा करार केलेला असतो.

२. टक्केवारी बघा. एखादा विषय फारच खाली असेल तर तो ज्ञानाचा प्रश्न आहे, तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल. सगळे विषय मध्यम असतील तर तो वेगाचा आणि तपासणीचा प्रश्न आहे, तिथे पूर्ण लॅबचा सराव वाढवावा.

३. डिझाइनमध्ये कमी पडले असेल तर वाचनाची सवय लावा. अनेक मुले इंग्रजी भराभर वाचता न आल्याने इथे अडकतात. रोज दोन पाने तांत्रिक इंग्रजी वाचणे हाही अभ्यासच आहे.

४. लेखी पेपरची मुदत तपासा. तो पास झाल्यापासून तीन वर्षे चालतो. मुदतीत लॅब पास झाली नाही तर लेखी पुन्हा द्यावा लागतो.

५. अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती येणार आहे का ते बघा. जुन्या यादीवर तयारी आणि नव्यावर परीक्षा असे होऊ नये.

■ ३० दिवसांचा नियम समजून घ्या

लॅबमध्ये नापास झाल्यावर किमान ३० दिवस थांबावे लागते. लेखी पेपरसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. इथेच गफलत होते. ३० दिवस ही कमीत कमी मुदत आहे, तेवढ्या दिवसांत तयारी होते असा त्याचा अर्थ नाही.

एक-दोन विषय थोडक्यात हुकले असतील आणि काम वेळेत संपले असेल, तर दीड-दोन महिन्यांत बसायला हरकत नाही, कारण हात गरम असतो. वेळ संपल्यामुळे पाव काम राहिले असेल तर तीन-चार महिने द्यावेत. दोन-तीन विषय कोरेच असतील तर सहा महिने किंवा जास्त. आणि फीसाठी कर्ज काढावे लागत असेल, तर आधी वर्षभर नोकरी करून पैसे साठवणे शहाणपणाचे. लेखीची तीन वर्षे हातात असतात.

तारीख बदलण्याचे आणि रद्द करण्याचे नियम नोंदणीच्या वेळीच वाचावेत. परीक्षा जवळ आल्यावर रद्द केल्यास पैसे जातात.

■ 'पास करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

परीक्षेतले प्रश्न फोडून विकणारे, 'पास गॅरंटी' देणारे मुंबई-बेंगळुरूपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे आहेत. पाठ केलेली लॅब बदलली की मुलगा उघडा पडतो. पकडला गेला तर निकाल रद्द होऊन परीक्षेवर बंदी येऊ शकते. आणि समजा पास झालाच, तरी मुलाखतीत किंवा रात्री दोन वाजता पडलेल्या नेटवर्कसमोर पाठांतर कामाला येत नाही.

क्लास लावताना तीन गोष्टी विचारा : शिकवणारा स्वतः लॅब पास आहे का, सरावाला रोज किती तास उपकरणे मिळतील आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील का. उत्तर लेखी घ्या.

■ नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर थेट सीसीआयई करावी का?
नियम आडवा येत नाही, खिसा येतो. आधी सीसीएनए, मग नोकरी, मग पुढचे. आयटीआयमध्ये नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड मिळत असेल तर सुरुवातीला तोही चांगला.

सीसीएनए नापास झालो तर?
पाच दिवसांनी पुन्हा देता येते. ठाणे-मुंबईत केंद्रे आहेत, घरूनही ऑनलाइन देता येते. पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते.

काम मिळेल कुठे?
गोदामे, रुग्णालये, बँका, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात आणि पनवेलला डेटा सेंटर आहेत. तिथे सुरुवातीच्या कामाला सीसीएनए आणि हातातले काम बघतात. सीसीआयई मोठ्या जबाबदारीसाठी लागते.

प्रमाणपत्र कायमचे असते का?
नाही. दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन किंवा ठराविक शिक्षणाचे गुण जमवून नूतनीकरण करावे लागते.

लॅब पास झालीच नाही तर सगळे पाणी?
नाही. लेखी पेपर पास झाल्याचे वेगळे प्रमाणपत्र सिस्को देते. त्याला एक विशेष विषय जोडला की सीसीएनपी होते. आठ तासांच्या लॅबसाठी केलेला सराव तर रोजच्या कामात दिसतोच. दोन प्रयत्नांनंतर थांबून सीसीएनपीवर चांगली नोकरी करणारे कमी नाहीत, आणि पैसे साठवून तिसऱ्यांदा बसायचे दार तरीही उघडे राहते.